पन्नाशीकडे झुकलेला सर्फर आणि दुखरा खांदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांद्रे, आश्वे, मुल्की, चेन्नईजवळचं कोवलम, इथे पाण्यात भेटणारी पंचेचाळिशी-पन्नाशीची मंडळी असोत की तिकडे सिडनीला स्थायिक झालेले आपले मराठी सर्फर, गप्पा फिरून फिरून खांद्यावरच येतात. मी डॉक्टर नाही, सर्फर आहे, वय ५३, आणि उजव्या खांद्याचं दुखणं निस्तरताना जे वाचलं, विचारलं, तपासून घेतलं ते इथे एकत्र करतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: खांद्याचं निदान आधी हातांनी होतं आणि मग फोटोने. आपल्याकडे उलटं चालतं, लोक आधी एमआरआय काढतात, रिपोर्ट वाचून घाबरतात आणि मग कोणाला दाखवू म्हणून विचारतात.

लाटेवर तर पायांवर उभं राहायचं असतं, मग खांदाच का दुखतो?

कारण उभं राहणं हा सर्फिंगचा अगदी छोटा भाग आहे. सर्फरांचा पाण्यातला वेळ कुठे जातो हे मोजणारे अभ्यास झालेत, त्यात साधारण निम्मा वेळ पॅडलिंगमध्ये, बराचसा बसून लाटेची वाट बघण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे दोन तास पाण्यात असाल तर जवळपास तासभर तुम्ही पालथे पडून, छाती उचलून, मान मागे टाकून हातांनी पाणी ओढताय. त्यात डक डाइव्ह, म्हणजे बोर्डासकट लाटेखाली बुडी मारणं आलं, पॉप-अपला, म्हणजे बोर्डावर झटकन उभं राहताना, सगळं वजन दोन्ही हातांवर आलं, आणि वाइपआउटमध्ये, म्हणजे लाटेने बोर्डावरून फेकलं की, हात कुठे कसा ओढला जाईल ते लाटेच्या मर्जीवर.

लाइनअपमध्ये, म्हणजे लाटेची वाट बघतात त्या जागी, बसलात की शेजारून जाणाऱ्याचा हात मागून नीट बघा. ताजातवाना असताना कोपर पाण्यातून चांगला वर निघतो आणि हात खांद्याच्या सरळ रेषेत बोर्डाच्या कडेला पाण्यात जातो. तासाभराने तोच माणूस बघा, छाती बोर्डाला टेकलीये, कोपर पाण्याला घासत येतोय, हात नाकासमोर मध्यरेषेकडे वळतोय. आता पाठीचा फरा हवा तेवढा फिरत नाही, खांदा आतल्या बाजूला वळलेल्या अवस्थेत वर उचलला जातो, आणि रोटेटर कफच्या (तो काय ते खाली सांगतो) टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, प्रत्येक स्ट्रोकला जास्तीचा ताण पडतो.

वय वाढलं की यात दोन गोष्टींची भर पडते. पाठीचा वरचा भाग ताठ होतो, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांचा तर फारच, त्यामुळे छाती उचलण्याचं काम मान आणि खांद्यावर येतं. आणि टेंडनला ताणातून सावरायला जास्त वेळ लागतो. पुण्या-मुंबईहून लाँग वीकेंडला गोव्यात जाऊन महिनाभराचं पॅडलिंग चार दिवसांत करणारा माणूस खांदा धरून परत येतो तो यामुळेच.

नेमकं दुखतंय तरी काय?

खांद्याचा सांधा म्हणजे मोठा गोळा आणि उथळ वाटी. त्या गोळ्याला वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू आहेत, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, आणि त्यांच्या टेंडनचा मिळून जो पट्टा होतो तो रोटेटर कफ. आपल्या वयाच्या सर्फरमध्ये सगळ्यात जास्त दुखतं ते हेच, टेंडन चिडलेलं, झिजलेलं, थोडं किंवा पूर्ण फाटलेलं. गंमत म्हणजे हे दुखणं बहुतेक वेळा खांद्याच्या टोकावर जाणवतच नाही, दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे कळ येते, त्यावर गेला की सुटल्यासारखं वाटतं, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

पण प्रत्येक खांदेदुखी म्हणजे कफ नव्हे. खांद्याच्या अगदी माथ्यावर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि हात समोरून दुसऱ्या खांद्याकडे नेला की वाढत असेल तर गळपट्टीच्या हाडाच्या टोकाचा सांधा, म्हणजे एसी जॉइंट. पुढच्या बाजूला खोबणीत दुखत असेल तर बायसेप्सचं टेंडन. आत कुठेतरी खोल, कट्कन आवाज होऊन दुखत असेल तर वाटीच्या कडेची गादी, म्हणजे लॅब्रम. काही न करता एका रात्रीत असह्य ठणका सुरू झाला तर टेंडनमध्ये साचलेलं कॅल्शियम असू शकतं, ते साध्या एक्स-रेत दिसतं आणि बरेचदा आपोआप विरघळतं. शिवाय सांध्याची झीज आहे, मानेची नस आहे आणि फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा जखडणं, आहे. उपचार प्रत्येकाचे वेगळे, म्हणून 'मला पण असंच झालं होतं, मी हा व्यायाम केला' असं पाण्यात कोणी सांगितलं तर आधी त्याचं निदान काय होतं ते विचारा.

फ्रोझन शोल्डर आहे की कफ, हे घरी कळतं का?

बऱ्यापैकी अंदाज येतो. कोपर बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि घरातल्या कोणाला तरी तुमचा पंजा धरून हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा, तुम्ही जोर लावायचा नाही. दुसऱ्या हाताच्या मानाने निम्म्यावरच अडकला आणि पुढे जातच नसेल तर सांधा जखडलाय. तुम्ही स्वतः फिरवू शकत नाही पण दुसऱ्याने फिरवला की सहज जातो, तर स्नायू-टेंडनची कमजोरी आहे. म्हाताऱ्या सांध्याची झीजही पहिल्यासारखीच अडते, ती एक्स-रेत कळते.

फ्रोझन शोल्डर मुख्यतः ४० ते ६० या वयात होतो, बायकांमध्ये जास्त, आणि डायबेटिस किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांमध्ये बराच जास्त. म्हणून खांदा जखडला असेल तर शुगरची एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्याच, कित्येकांना शुगर आहे हे खांद्यामुळे पहिल्यांदा कळतं. हे दुखणं वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालतं, पण बहुतेकांचा खांदा पुष्कळसा मोकळा होतो. पहिल्या दुखऱ्या टप्प्यात जबरदस्तीने ओढून ताणून घेऊ नका, त्याने दुखणं फक्त चिघळतं.

मानेचं आहे की खांद्याचं?

पॅडल करताना मान तासभर मागे असते त्यामुळे हा प्रश्न सर्फरसाठी खरा आहे. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, मान मागे आणि त्या बाजूला वळवली की कळ हातात उतरत असेल, आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल तर आधी मान तपासा. कफच्या दुखण्यात हात डोक्यावर नेणंच जड जातं. दोन्ही एकत्रही असतात, आणि मग नुसत्या खांद्याचे व्यायाम करून सहा महिने फुकट जातात.

किती दिवस अंगावर काढलं तर चालेल?

हळूहळू सुरू झालेलं, हात वर जातोय, ताकद ठीक आहे, फक्त दुखतंय, असं असेल तर दोन-तीन आठवडे पॅडलिंग कमी करून बघायला हरकत नाही. त्यानंतरही तसंच असेल तर दाखवा.

खालच्या गोष्टींमध्ये मात्र अजिबात थांबू नका.

पडल्यावर किंवा हात ओढला गेल्यावर हात वरच जात नसेल, म्हणजे दुखतंय म्हणून नव्हे, ताकदच नाही म्हणून. चांगल्या हाताने तो वर नेलात आणि सोडल्यावर धाडकन खाली पडला तर टेंडन पूर्ण तुटल्याची शक्यता मोठी आहे, आणि अशा ताज्या फाटीला आठवड्यांचा हिशोब असतो. उशीर झाला तर टेंडन मागे ओढलं जातं, स्नायूत चरबी भरते आणि नंतर ऑपरेशन करूनही पहिल्यासारखं जुळत नाही. 'मुका मार आहे, शेकून बघू' म्हणत तीन महिने घालवणं इथेच महागात पडतं.

खांदा निखळला आणि बसवला, आता बरं आहे, असं झालं तरीही. विशीतल्या पोराचा खांदा निखळला तर चिंता असते तो परत परत निखळण्याची, चाळिशीनंतर चिंता असते त्याच वेळी कफ फाटल्याची. आठवडा-दोन आठवड्यांनी हात उचलता येत नसेल तर कफ आणि नस दोन्ही तपासायला सांगा. आणि किनाऱ्यावर कोणाला तरी पाय लावून ओढायला देऊ नका, हाड मोडलेलं असू शकतं.

सोबत ताप, खांद्याला सूज-लाली, वजन उतरणं, कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकदम दुखून सकाळी तासभर अंग आखडलेलं राहणं, हे सगळं सर्फिंगच्या बाहेरचं आहे, आधी फिजिशियनला दाखवा. आणि खांदा, छाती, जबडा असं दुखतंय, घाम सुटलाय, दम लागतोय, चालताना वाढतंय, तर पॅडलिंगला दोष देत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा. पन्नाशीत हार्ट अटॅक असाही येतो.

कोणाकडे जायचं? ऑर्थो की फिजिओ?

वर सांगितलेलं काही नसेल तर चांगल्या फिजिओकडून सुरुवात केली तरी चालते. पडून लागलं असेल, ताकद गेली असेल तर ऑर्थोपेडिक, आणि शहरात असाल तर खांद्याचंच काम जास्त करणारा ऑर्थोपेडिक. हाड बसवणाऱ्यांकडे, जोरात मालिश करणाऱ्यांकडे निदान होण्याआधी जाऊ नका, माझं हे मत पक्कं आहे.

चांगली तपासणी कशी असते ते सांगतो म्हणजे तुम्हाला फरक कळेल. मला ज्यांनी नीट तपासलं त्यांनी आधी शर्ट काढायला लावला आणि मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात एकदम वर न्या, हळू खाली आणा, असं पुन्हा पुन्हा करवून घेतलं आणि फरे कसे हलतात ते बघितलं, फऱ्याच्या हाडावरचा आणि खालचा स्नायू दोन्ही बाजूंना चाचपून पाहिला, एका बाजूला खोलगट झालाय का म्हणून. मग मान फिरवली. मग मी हात सैल सोडून त्यांनी फिरवला, आणि मग मी जोर लावायचा आणि ते विरोध करणार, अंगठा खाली करून हात पुढे धरून, कोपर बाजूला ठेवून बाहेर ढकलत, पोटावर पंजा दाबून, एकेक टेंडन वेगळं. दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी लावला. फाइल त्यानंतर उघडली. असं न करता कपड्यांवरूनच दोन सेकंद दाबून एमआरआयची चिठ्ठी हातात ठेवली जात असेल तर दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

डॉक्टरला सर्फिंग कसं समजावायचं?

'मी सर्फिंग करतो' म्हटलं की समोरच्याला लाटेवर उभा माणूस दिसतो. त्याऐवजी तपासणीच्या टेबलावर पालथे पडा आणि पॅडल करून दाखवा, कुठे दुखतं ते त्या हालचालीत सांगा: हात पाण्यातून बाहेर काढताना, पुढे टाकताना की ओढताना. फोनवर मित्राने मागून काढलेला व्हिडिओ असेल तर उत्तम. बाकी हे ठरवून जा: कधीपासून, हळूहळू की एका झटक्यात, रात्री झोपमोड होते का, ताकद कमी वाटते का, मानेचा-शुगरचा-थायरॉइडचा इतिहास, आणि तुम्हाला पुढे काय करायचंय. 'मला परत पॅडल करायचंय' हे स्पष्ट सांगा, नाहीतर रोजची कामं जमायला लागली की उपचार संपले असं धरलं जातं.

एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय, आधी काय?

बहुतेकदा एक्स-रे. लोक म्हणतात त्यात टेंडन दिसत नाही मग कशाला, पण झीज, कॅल्शियम, मोडलेलं हाड, एसी जॉइंट हे सगळं त्यातच दिसतं आणि खर्च अगदी कमी.

सोनोग्राफीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. कफची पूर्ण फाट ओळखायला ती चांगली आहे, हात हलवताना टेंडन बघता येतं, दुसऱ्या खांद्याशी तिथल्या तिथे तुलना होते. अट एकच, करणाऱ्याचा हात खांद्यावर बसलेला हवा, फक्त पोटाच्या सोनोग्राफी करणाऱ्या सेंटरमध्ये जाऊन उपयोग नाही.

एमआरआय तेव्हा, जेव्हा त्याच्या उत्तराने पुढचा निर्णय बदलणार असेल. ताजी इजा होऊन ताकद गेली, ऑपरेशनचा विचार आहे, तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक नाही, किंवा काहीतरी वेगळंच असल्याची शंका आहे. लॅब्रमचीच शंका असेल तर कधी सांध्यात रंगद्रव्य टोचून एमआरआय करतात. डॉक्टरला सरळ विचारा, 'यात अमुक दिसलं तर आपण काय वेगळं करणार?' उत्तर 'काही नाही, व्यायामच' असं असेल तर ते पैसे वाचवा.

एमआरआयमध्ये 'पार्शल टेअर', म्हणजे अर्धवट फाट, आलंय, आता काय?

आधी श्वास घ्या. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातली भीती बघून मला खरंच वाईट वाटतं.

१९९५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ लोकांचे एमआरआय काढले. ३४ टक्के लोकांच्या कफमध्ये फाट निघाली, ४० ते ६० वयोगटात २८ टक्के, साठीच्या पुढे ५४ टक्के. ही सगळी माणसं हात वर करून मजेत कामं करत होती. लॅब्रमचं तर त्याहून पुढे: ४५ ते ६० वयाच्या, काहीच त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्ये निम्म्याहून जास्त जणांत वरच्या लॅब्रमला फाट दिसल्याचा अभ्यास २०१६ चा आहे. म्हणजे रिपोर्टमध्ये टेंडिनोसिस, पार्शल टेअर, स्लॅप टेअर, एसी जॉइंट आर्थ्रोपथी, बर्सायटिस असे पाच शब्द आले म्हणून पाच आजार झाले असं नाही. वयानुसार केस पांढरे होतात तसे यातले बरेचसे बदल.

पण म्हणून रिपोर्ट फेकून द्यायचा असंही नाही. त्यात दिसलेली फाट आणि तपासणीत सापडलेली कमजोरी एकाच टेंडनची आहे का, हे जुळवून बघायचं काम तपासणाऱ्याचं. जुळत असेल तर तो रिपोर्ट महत्त्वाचा. रेडिओलॉजिस्टने तुमचा हात हलवून बघितलेला नसतो, त्याने फोटोत जे दिसलं ते लिहिलं.

'इम्पिंजमेंट आहे, दुर्बिणीतून हाड घासून घ्या' असं सांगितलंय. करू का?

यामागचा विचार १९७२ चा, अमेरिकन सर्जन चार्ल्स नीर यांचा: वरचं हाड टेंडनवर घासतं म्हणून टेंडन खराब होतं, तर हाड तासून जागा करा. पटण्यासारखं आहे, पुढे जगभर लाखो लोकांनी करून घेतलं. मग २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक ब्रिटनची, एक फिनलंडची, आणि दोन्हीत काही पेशंटचं हाड खरोखर घासलं तर काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बघून बाहेर काढली. दोघांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. २०१९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावरून मार्गदर्शक सूचना दिली की फक्त एवढ्यासाठी हे ऑपरेशन करू नये. तेव्हा पूर्ण फाट नाही, फक्त 'जागा कमी आहे' म्हणून हाड घासायला सांगत असतील तर दुसरं मत घ्याच.

इंजेक्शन घेतलं तर सीझन निघेल का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, रात्रीची झोप येते, त्या काळात व्यायाम करता येतो, हा त्याचा खरा उपयोग. ब्रिटनमध्ये ७०८ लोकांवर झालेल्या ग्रास्प नावाच्या चाचणीत, २०२१ ची, इंजेक्शनचा थोडासा फायदा दोन महिन्यांना दिसला आणि वर्षाअखेर काहीच उरला नाही. सीझन काढण्यासाठी दर थोड्या महिन्यांनी टोचून घेणं मला पटत नाही, वारंवार दिल्याने टेंडन कमकुवत होण्याची भीती असते, आणि दुखणं दबलेल्या खांद्याने तुम्ही दोन-दोन तास पॅडल करणार. डायबेटिस असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते, आधी सांगून ठेवा. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मात्र सांध्यातल्या इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो, तिथे उगाच घाबरू नका.

पीआरपीबद्दल, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून टोचण्याबद्दल, निष्कर्ष उलटसुलट आहेत, खर्च भरपूर. मी तरी आधी तीन महिने व्यायामाला देईन.

पाण्यात जाण्याआधी पेनकिलर?

नको. दुखणं हेच तुम्हाला कधी थांबायचं ते सांगतं. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोट, किडनी, बीपी, हृदय सगळ्यांवर ताण आणतात, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या पन्नाशीच्या माणसाला तर जास्तच. बीपीची गोळी चालू असेल तर केमिस्टकडून परस्पर घेऊच नका.

व्यायाम नेमके कोणते? आणि किती दिवस?

तुमच्या निदानाप्रमाणे फिजिओ ठरवेल, पण कफच्या साध्या दुखण्यात कार्यक्रम साधारण असा असतो.

सुरुवातीला हात न हलवता ताकद लावायची, कोपर बाजूला, मूठ भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाबून धरायची. मग चांगल्या कुशीवर झोपून, वरच्या हाताचा कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची घडी, हातात अर्धा-एक किलो वजन, पंजा हळू वर आणि त्याहून हळू खाली. रबर बँड दाराला अडकवून मागे ओढणं, फरे एकमेकांकडे आणत. भिंतीवर पुश-अप, वर आल्यावर शेवटी फरे आणखी पुढे ढकलायचे. आणि पाठीसाठी, गुंडाळलेला टॉवेल किंवा फोम रोलर फऱ्यांच्या खाली आडवा ठेवून त्यावरून मागे वाकणं, हे मी सर्फिंगला जाण्याआधी वाळूवर आडवा पडूनही करतो, कारण पाठ मोकळी झाली की छाती उचलायला मानेची आणि खांद्याची ओढाताण होत नाही.

दुखण्याचा नियम असा ठेवा: करताना दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं पाहिजे. वाढलं तर वजन किंवा संख्या कमी करा, बंद करू नका.

बहुतेक लोक जिथे अडकतात ते म्हणजे वजन वाढवतच नाहीत. तोच मऊ बँड, तेच पंधरा वेळा, महिनोन्महिने. तासभर पाणी ओढणाऱ्या खांद्याला ते पुरत नाही. दुखणं शांत झालं की वजन वाढवत, हात डोक्यावर नेऊन, शेवटी पालथं झोपून बँडने पॅडलसारखं ओढत सराव करायचा. किमान बारा आठवडे धरा. सहा आठवड्यांत थोडा फरक जाणवायला हवा, काहीच नसेल तर निदान परत तपासा.

आणि शेकायची-करंटची मशीन लावून रोज सिटिंग घ्यायची गरज नसते. मघाच्याच ग्रास्प चाचणीत फिजिओबरोबरच्या सहापर्यंत सेशन्स आणि एकच नीट समजावून दिलेलं सेशन अधिक घरी व्यायाम यांचा निकाल सारखाच आला. म्हणजे मोजक्या भेटी, पण प्रत्येक वेळी पुढची पायरी शिकवणारा फिजिओ शोधा.

रात्री झोपच लागत नाही हो.

उताणे झोपत असाल तर दंडाखाली पातळ उशी ठेवा म्हणजे कोपर मागे पडत नाही. चांगल्या कुशीवर झोपत असाल तर दुखरा हात पुढे उशीवर टेकवा. थोडं रेलून झोपलं तरी काहींना बरं पडतं.

तोपर्यंत सर्फिंग बंदच का?

ताकद गेलेली नसेल, तीव्र दुखणं नसेल, तर सहसा पूर्ण बंद करायची गरज नाही, ताण कमी करायचा. सगळ्यात मोठा फरक बोर्डाने पडतो. लहान, कमी लिटरच्या (कमी घनफळाच्या) बोर्डावर शरीर पाण्यात बुडतं, छाती जास्त उचलावी लागते आणि प्रत्येक लाटेसाठी जास्त स्ट्रोक लागतात. जाड, लांब बोर्ड घ्या, लाँगबोर्ड किंवा मोठा सॉफ्ट टॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड), तो आधी तरंगतो आणि लाट लवकर पकडतो. मोठा बोर्ड घेणं कमीपणाचं वाटतं असं बरेच जण बोलून दाखवतात, पण गोव्यातल्या छोट्या लाटांना तोच बोर्ड योग्य आहे, खांदा चांगला असला तरी.

दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं, सलग दिवसांऐवजी एक आड एक दिवस. दोन लाटांमध्ये पॅडल करत जागा बदलत राहण्यापेक्षा उठून बसा. बाहेर जायला लाटांमधून मारामारी करण्यापेक्षा चॅनेलमधून, म्हणजे लाटा फुटत नाहीत त्या खोल पट्ट्यातून, जा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र तसाही खवळलेला असतो, ते चार महिने व्यायामाला द्या म्हणजे ऑक्टोबरला खांदा तयार असतो.

टेंडन पूर्ण फाटलंय. ऑपरेशन करावंच लागेल?

कसं फाटलंय त्यावर आहे. पडून, झटक्यात फाटलं आणि ताकद गेली, माणूस कामाचा आणि हौशी आहे, तर लवकर शिवून घेण्याकडे कल असतो आणि ते बरोबर आहे. पण हळूहळू झिजून फाटलेल्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या मून नावाच्या गटाने अशा, इजा न होता पूर्ण फाटलेल्या लोकांना आधी व्यायाम दिले, दोन वर्षांनी बघितलं तर चारातल्या तिघांना ऑपरेशन लागलं नव्हतं, आणि ज्यांनी करून घेतलं त्यांनी बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच ठरवलं होतं. फाटलेलं टेंडन आपोआप जुळत नाही हे खरं, पण बाकीचे स्नायू काम उचलतात. फाट कालांतराने मोठी होऊ शकते, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं.

शिवून घेतलं तर साधारण चार ते सहा आठवडे स्लिंग, मग हळूहळू हालचाल, तीनेक महिन्यांनंतर ताकद, आणि पॅडलिंग सहा महिन्यांच्या आत सहसा नाहीच, मोठी फाट असेल तर त्याहून उशिरा. वय जास्त, फाट मोठी, शुगर वाढलेली, सिगारेट चालू, यातलं जेवढं असेल तेवढी परत फाटण्याची शक्यता वाढते. सिगारेट ऑपरेशनआधी सोडणं हा त्यातला तुमच्या हातातला भाग आहे.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

भारतातल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये अॅडमिट न होता केलेला एमआरआय आणि फिजिओ बसत नाही, ओपीडी कव्हर वेगळं घेतलेलं असेल तरच. ऑपरेशन ठरलं तर आधीच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळू शकतात, म्हणून सगळी बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, सुरुवात करायची, त्याच्या रेफरलशिवाय स्पेशालिस्टच्या फीवर मेडिकेअर या सरकारी योजनेचे पैसे मिळत नाहीत.

घरचे म्हणतात वय झालं, सोडून दे आता.

अमेरिकन व्यावसायिक सर्फर केली स्लेटरने फेब्रुवारी २०२२ मध्ये हवाईच्या पाइपलाइनवर स्पर्धा जिंकली, पन्नासावा वाढदिवस काही दिवसांवर होता, आणि तिथलं त्याचं पहिलं विजेतेपद १९९२ चं. तो जन्मभर तेच करणारा माणूस आहे, त्याच्याशी बरोबरी नको, पण पन्नाशीचा खांदा पॅडल करू शकत नाही हे म्हणणं चूक आहे एवढं त्यातून नक्की कळतं. घरच्यांची काळजी खरी असते, त्यांना एकदा डॉक्टरकडे सोबत न्या, काय झालंय आणि काय नाही ते त्यांनाही ऐकू द्या. माझ्या घरी त्यानंतर बोलणं बदललं.

परत पाण्यात कधी आणि कसं?

हात दोन्ही बाजूंनी सारखा वर जातो, बाहेर ढकलायची ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास आलीये, रात्री झोपमोड होत नाही, आणि जमिनीवर पालथं पडून बँडने दहा मिनिटं थांबून-थांबून पॅडल केल्यावर दुसऱ्या सकाळी काही वाढत नाही, एवढं जमलं की. ऑपरेशन झालं असेल तर सर्जनने हो म्हटल्यावरच.

पहिल्यांदा सपाट पाण्यात जा, खाडीत किंवा लाट नसलेल्या सकाळी, नुसतं पॅडल, वीस मिनिटं. पुढच्या वेळी व्हाइटवॉटरमध्ये, म्हणजे फुटलेल्या लाटेच्या फेसाळ पाण्यात, मोठ्या सॉफ्ट टॉपवर, पॉप-अपसकट. कोपर वर, हात खांद्याच्या रेषेत, आणि छाती बोर्डाला टेकायला लागली की त्या दिवसाचं तिथेच थांबवायचं, लाटा कितीही चांगल्या असल्या तरी. दोन-तीन आठवडे असं नीट गेलं की मग लाइनअप, आणि तिथे पहिले काही दिवस सोबत असा कोणीतरी घ्या जो मागून तुमचा हात बघून सांगेल की कोपर खाली यायला लागलाय.